संगणकीय खेळांसाठी दूरचित्रवाणी संचाचा वापर

संगणकीय खेळांसाठी दूरचित्रवाणी संचाचा वापर म्हणजे संगणकाला स्वतंत्र मॉनिटर न जोडता घरातील मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर संगणकातील खेळ खेळणे होय. आजचा एलईडी टीव्ही आणि संगणकाचा मॉनिटर ही दोन्ही उपकरणे मुळात सारख्याच पद्धतीने चित्र दाखवतात. दोहोंमध्ये चित्रबिंदूंची, म्हणजेच पिक्सेलची, जाळी असते आणि दोहोंना एकाच प्रकारची तार जोडता येते. फरक असतो तो चित्र पडद्यावर येण्याआधी उपकरण त्यावर काय प्रक्रिया करते आणि पाहणारा त्यापासून किती अंतरावर बसतो, या दोन बाबींत. या दोन्ही बाबी बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हातात असतात. त्यामुळे घरात आधीपासून असलेला टीव्ही पुष्कळदा नवा खर्च न करता खेळासाठी उपयोगी ठरू शकतो. मात्र संचाची मांडणी बदलली नाही, तर तोच टीव्ही खेळाडूला अकारण मंद आणि अस्पष्ट भासतो.

यवतमाळ जिल्ह्यासारख्या भागात या विषयाला विजेचा व हवामानाचाही पदर आहे. उन्हाळ्यातील तापमान, मातीचे स्वरूप आणि पावसाळ्यापूर्वीची वादळे यांचा दोन उपकरणांच्या जोडणीवर प्रत्यक्ष परिणाम होतो. त्याची माहिती स्वतंत्र विभागात दिली आहे.

इतिहास

घरगुती खेळ आणि टीव्ही यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेतील अभियंते राल्फ बेअर यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात साध्या टीव्हीला जोडून खेळता येईल असे उपकरण तयार केले. त्यावर आधारित 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे यंत्र १९७२ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि महाराष्ट्रात टीव्हीचे युग अवतरले.

१९८०च्या दशकातील घरगुती संगणकांना बहुधा स्वतःचा पडदा नसे. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी सादर झालेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत जोडला जाई. त्याच्या चित्रात आडवे २५६ आणि उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ बिंदू असत. आजच्या 'फुल एचडी' पडद्यावर याच्या सुमारे ४२ पट बिंदू असतात. याच संगणकाची भारतीय आवृत्ती पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आणली. ज्या घरांत ती पोहोचली, तेथे बातम्या पाहण्याचा टीव्हीच संगणकाचा पडदा झाला. भारतातील शाळांत संगणक साक्षरतेसाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात वापरलेल्या बीबीसी मायक्रो संगणकालाही साधा टीव्ही जोडण्याची सोय होती.

पुढे लेखन, हिशेब आणि कार्यालयीन कामांसाठी बारीक अक्षरे स्पष्ट दाखवणाऱ्या पडद्याची गरज भासू लागली आणि मॉनिटर हे वेगळे उपकरण म्हणून स्थिरावले. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेली १५ टाचण्यांची 'व्हीजीए' जोडणी पुढील वीसेक वर्षे संगणकाची ओळख होती. टीव्हीची वाट वेगळी राहिली. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय या जोडणीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारी ही खाच पुढे टीव्हीला आणि संगणकाला दोहोंनाही मिळाली. अशा रीतीने वेगळी झालेली दोन उपकरणे पुन्हा जवळ आली.

या पुनर्मीलनात एक गोष्ट मात्र बदलली होती. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही आलेला संकेत जवळपास तत्क्षणी पडद्यावर रेखाटत असे. नवा सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. याचा एक पुरावा अनेकांच्या परिचयाचा आहे. १९९०च्या दशकात भारतात लोकप्रिय असलेल्या टीव्ही गेममध्ये बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ असे. ती बंदूक पडद्यावरील प्रकाश नेमक्या क्षणी हेरून नेम ओळखत असे. तीच बंदूक आजच्या एलईडी टीव्हीसमोर चालत नाही. चित्राची वेळ आणि प्रकाशाची रीत बदलल्याने तिला लक्ष्य सापडतच नाही.

विभेदन आणि अंतर

पडद्यावर आडवे व उभे मिळून किती बिंदू आहेत, याला विभेदन किंवा रिझोल्यूशन म्हणतात. 'एचडी रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची टीव्हीत बहुधा १३६६ × ७६८, 'फुल एचडी' संचात १९२० × १०८० आणि '४के' संचात ३८४० × २१६० बिंदू असतात. पडद्याचा आकार इंचांत, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजतात.

विभेदन तेच ठेवून पडदा मोठा केला, तर बिंदूंची संख्या वाढत नाही, केवळ प्रत्येक बिंदू मोठा होतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि ४३ इंची फुल एचडी टीव्ही यांत बिंदू सारखेच असतात. म्हणून मॉनिटरच्या अंतरावर बसून असा टीव्ही पाहिल्यास अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात.

निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. यावरून असे गणित निघते की, बिंदूच्या रुंदीच्या सुमारे ३,४४० पट अंतरावरून पाहिल्यास शेजारचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हे अंतर काही प्रचलित आकारांसाठी पुढीलप्रमाणे येते.

| पडदा | विभेदन | एका बिंदूची रुंदी | बिंदू वेगळे न दिसण्याचे अंतर |
|---|---|---|---|
| २४ इंची मॉनिटर | १९२० × १०८० | ०.२८ मिमी | सुमारे ९५ सेंमी (३ फूट) |
| ३२ इंची टीव्ही | १३६६ × ७६८ | ०.५२ मिमी | सुमारे १८० सेंमी (६ फूट) |
| ४३ इंची टीव्ही | १९२० × १०८० | ०.५० मिमी | सुमारे १७० सेंमी (साडेपाच फूट) |
| ४३ इंची टीव्ही | ३८४० × २१६० | ०.२५ मिमी | सुमारे ८५ सेंमी (पावणेतीन फूट) |
| ५५ इंची टीव्ही | ३८४० × २१६० | ०.३२ मिमी | सुमारे ११० सेंमी (साडेतीन फूट) |

या तक्त्यावरून दिसते की, टेबलावर ठेवून जवळून वापरण्यास ४३ इंची ४के टीव्ही योग्य आहे. त्याच आकाराचा फुल एचडी टीव्ही मात्र पलंगावर किंवा खुर्चीत मागे बसूनच चांगला दिसतो.

मोठा पडदा नेहमीच मोठा दिसतो असेही नाही. ६० सेंमी, म्हणजे दोन फूट अंतरावरील २४ इंची मॉनिटर डोळ्यासमोर आडवा सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. भिंतीवरील ४३ इंची टीव्ही सात फुटांवरून पाहिल्यास केवळ २५ अंश व्यापतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या खेळाडूला टीव्हीवरचे चित्र टेबलावरील मॉनिटरच्या जवळपास निम्मेच दिसते. दूरचा शत्रू, नकाशा किंवा धावफलक वाचता येत नाही, ही तक्रार येथून उद्भवते. त्यावर उपाय दोन आहेत. बसण्याचे अंतर साडेतीन ते पाच फुटांपर्यंत कमी करावे किंवा संगणकाच्या व खेळाच्या मांडणीत अक्षरांचा आकार दीडपट ते दुप्पट करावा.

चित्राचा विलंब

खेळाडूने कळ दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला विलंब म्हणतात. या विलंबाचे तीन टप्पे आहेत: कळफलक, माऊस किंवा गेमपॅडकडून संगणकाकडे जाणारा संदेश, संगणकाने नवे चित्र तयार करणे आणि पडद्याने ते दाखवणे. टीव्ही वापरताना तिसरा टप्पा निर्णायक ठरतो.

चित्रपट किंवा मालिका पाहताना टीव्हीने चित्र थोडे उशिरा दाखवले, तरी प्रेक्षकाला कळत नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा ऐकवला जातो. या सवलतीचा फायदा घेऊन टीव्ही चित्रातील खरखर कमी करतो, कडा धारदार करतो, रंग गडद करतो आणि दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेले तिसरे चित्र घालून हालचाल गुळगुळीत करतो. हे मधले चित्र बनवण्यासाठी पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबणे भाग असते, त्यामुळे विलंब अटळ होतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राचा काळ सुमारे १६.७ मिलिसेकंद असतो. या सर्व प्रक्रिया चालू असताना अनेक टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक उशीर करतात.

हा उशीर किती मोठा आहे, हे क्रिकेटच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक दशांश भागात, जवळजवळ ३.९ मीटर पुढे जातो. खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर असते. संगणकावरील क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्याला चेंडू जिथे दिसतो, त्याच्या कितीतरी पुढे तो खेळाच्या हिशेबात पोहोचलेला असतो. खेळाडू आपले कौशल्य कमी पडले असे समजतो, प्रत्यक्षात त्याचा टीव्ही उशिरा चित्र दाखवत असतो.

यावर उपाय म्हणजे 'गेम मोड'. बहुतेक टीव्हींच्या चित्रविषयक मांडणीत ही सोय असते. ती चालू केली की वर सांगितलेल्या बहुतांश प्रक्रिया वगळल्या जातात आणि अनेक संचांत विलंब १० ते २५ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. काही संचांत एचडीएमआय खाचेला 'पीसी' असे नाव दिल्यानेही असाच परिणाम साधतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ आराखड्यात खेळ सुरू होताच टीव्हीने स्वतःहून गेम मोडमध्ये जाण्याची तरतूद आहे. जुन्या संचांत मात्र ते हातानेच करावे लागते.

विलंब घरी मोजण्याची रीत

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, त्यांना कोणत्याही खास उपकरणाविना आपल्या टीव्हीचा अंदाज घेता येतो.

१. लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसेल अशी मांडणी करावी. विंडोज प्रणालीत विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून पी अक्षराची कळ दाबली असता हा पर्याय मिळतो.
२. पडद्यावर सेकंदाचे शतांश दाखवणारे स्टॉपवॉच सुरू करावे.
३. लॅपटॉप टीव्हीच्या जवळ ठेवून दोन्ही पडदे एकाच वेळी टिपतील अशी मोबाइलने किमान दहा छायाचित्रे घ्यावीत.
४. प्रत्येक छायाचित्रातील दोन आकड्यांची वजाबाकी करून सरासरी काढावी.

येणारा आकडा म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याच्या तुलनेत टीव्हीने केलेला जादा उशीर होय. स्टॉपवॉचचे आकडे दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलत असल्याने एकाच छायाचित्रावर विसंबू नये. गेम मोड बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत मोजणी केल्यास फरक स्पष्टपणे दिसतो. विज्ञानाच्या तासाला सरासरी आणि मापनातील त्रुटी शिकवण्यासाठीही हा प्रयोग उपयुक्त आहे.

रिफ्रेश रेट

पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात सांगतात. बहुतेक घरगुती टीव्ही ६० हर्ट्झचे असतात. खेळासाठी बनवलेले मॉनिटर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाचे मिळतात, तर वरच्या श्रेणीतील काही टीव्ही १२० हर्ट्झ देतात. टीव्हीच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा अनेकदा पडद्याचा खरा वेग नसून चित्रप्रक्रियेचे जाहिरातीतील नाव असते. खरेदीपूर्वी 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' किती आहे, हे माहितीपत्रकात पाहावे.

कधीकधी संगणक टीव्हीला ६० ऐवजी ३० हर्ट्झचे चित्र पाठवतो आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. याचे कारण बहुधा तारेत किंवा खाचेत असते. २००९ मधील एचडीएमआय १.४ आराखड्यानुसार ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जाते, २०१३ मधील २.० आराखड्यानुसार ते ६० हर्ट्झने आणि २.१ आराखड्यानुसार १२० हर्ट्झने जाऊ शकते. जुन्या लॅपटॉपला ४के टीव्ही जोडल्यास संगणकातील मांडणीत विभेदन १९२० × १०८० ठेवून ६० हर्ट्झ निवडावे.

जोडणी आणि मांडणी

जोडणी करताना पुढील बाबी तपासाव्यात.

तार: एचडीएमआय तार तीन ते पाच मीटरपर्यंतची असावी. तार जितकी लांब, तितके उच्च विभेदनाचे चित्र टिकणे अवघड होते. जुन्या संगणकाला केवळ व्हीजीए खाच असेल, तर साधी जोडतार चालत नाही. संकेताचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो.

बिनतारी जोडणी: मोबाइल किंवा लॅपटॉपचे चित्र वायफायवरून टीव्हीवर पाठवताना ते आधी संकुचित करून नंतर उलगडावे लागते. त्यामुळे ही सोय छायाचित्रे व व्हिडिओ यांसाठी ठीक असली, तरी वेगवान खेळांसाठी निरुपयोगी ठरते. ब्लूटूथ स्पीकरवरील आवाजही अनेकदा उशिरा येतो.

कापल्या जाणाऱ्या कडा: काचेच्या नळीच्या काळापासून चालत आलेल्या प्रथेनुसार काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून उरलेले चित्र ताणतात. त्यामुळे संगणकाची खालची पट्टी दिसेनाशी होते आणि अक्षरे पुसट होतात. हे बंद करण्याच्या पर्यायाला एलजीच्या संचांत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या संचांत 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन' आणि सोनीच्या संचांत 'फुल पिक्सेल' अशी नावे आढळतात.

रंगांची माहिती: चित्रपटांत जागा वाचवण्यासाठी प्रकाशाची माहिती प्रत्येक बिंदूची आणि रंगाची माहिती चार बिंदूंना मिळून एक अशी पाठवतात. याला ४:२:० असे लिहितात. संगणकाच्या चित्रात अशी काटकसर झाली, तर निळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरे वाचता येत नाहीत. संगणकाच्या मांडणीत आरजीबी किंवा ४:४:४ आणि टीव्हीत 'पीसी' निवडल्यास दोष दूर होतो.

काळ्या रंगाची पातळी: टीव्हीच्या परंपरेत काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हा आकडा वापरतात, संगणकात अनुक्रमे ० आणि २५५. दोन्ही बाजूंची निवड जुळली नाही, तर चित्र फिकट दिसते किंवा काळोखातील तपशील नाहीसे होतात.

एचडी रेडी संच: १३६६ × ७६८ बिंदूंचा टीव्ही १९२० × १०८०चे चित्र स्वीकारतो, पण ते लहान करून दाखवतो. त्यामुळे अक्षरे अस्पष्ट होतात. संगणकाच्या यादीत १३६० × ७६८ किंवा १२८० × ७२० दिसत असल्यास ते वापरून पाहावे.

संगणकाची ताकद

४के पडद्यावर ८२,९४,४०० बिंदू असतात, फुल एचडीवर २०,७३,६००. म्हणजे तोच खेळ ४के मध्ये चालवताना संगणकाला प्रत्येक चित्रासाठी चौपट बिंदू रंगवावे लागतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला हे झेपत नाही. अशा वेळी टीव्ही ४के असला, तरी खेळ फुल एचडीत चालवणे हितावह असते. फुल एचडीचा एक बिंदू ४केच्या दोन बाय दोन बिंदूंवर नेमका बसतो, त्यामुळे चित्राची फारशी हानी होत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात असून त्यात १६ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती आणि बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस हे येथील प्रमुख पीक आहे. यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. टीव्ही आणि संगणक यांची जोडणी करताना येथील हवामान व वीजपुरवठा यांचा विचार करावा लागतो.

उष्णता: बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरील तापमान याहून वर जाते आणि पत्र्याच्या छताखालील खोली दुपारी फार तापते. खेळ चालू असताना संगणकही उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे लॅपटॉप टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवू नये, टीव्हीच्या मागे हवा खेळती राहील एवढी जागा सोडावी आणि उन्हाळ्यात दीर्घ खेळ सकाळी किंवा रात्री खेळावा. विदर्भात घरोघरी असणाऱ्या कूलरची ओलसर हवा थेट संचावर येऊ देऊ नये.

अर्थिंग: जिल्ह्यातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. माती सुकल्यावर अर्थिंगच्या सळईचा जमिनीशी संपर्क कमी होतो. योग्य अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावल्यास झिणझिण्या येतात. अशा संगणकाला टीव्ही जोडताना तारेच्या टोकाशी ठिणगी पडून दोन्हींच्या खाचा निकामी होऊ शकतात. म्हणून एचडीएमआय तार लावताना किंवा काढताना दोन्ही उपकरणे प्लगमधून काढावीत, दोन्हींना वीज एकाच बोर्डातून द्यावी, तीन टाचण्यांचा प्लग कापून दोन टाचण्यांचा करू नये आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. झिणझिण्या कायम राहिल्यास वायरमनकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

वीज पडणे: पावसाळ्यापूर्वीच्या आणि परतीच्या वादळांत विजेचा धोका असतो. छतावरील डिशची किंवा केबलची तार टीव्हीपर्यंत आलेली असते. जवळपास वीज पडल्यास त्या तारेतून आलेला झटका टीव्हीतून एचडीएमआयमार्गे संगणकापर्यंत पोहोचू शकतो. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. ढगांचा गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग, डिशची तार आणि एचडीएमआय तार तिन्ही काढून ठेवावीत. वादळ डोक्यावर आल्यानंतर तारांना हात लावू नये.

वीजपुरवठा: घरगुती पुरवठ्याचा नियत दाब २३० व्होल्ट असतो. आजचे अनेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तसा उल्लेख संचाच्या मागील पट्टीवर असतो. अशा संचाला कमी दाबाचा फारसा त्रास होत नाही, अपाय होतो तो अचानक वाढलेल्या दाबाचा. वीज गेल्यावर टेबलावरील संगणक तत्काळ बंद पडतो आणि न साठवलेला खेळ वाया जातो. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील 'यूपीएस' हा पर्याय निवडावा, त्यामुळे वीज बदलण्याचा काळ कमी होतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने टीव्ही बंद झाला, तरी खेळ शाबूत राहतो.

आरोग्य

मोठा पडदा जवळून पाहिल्याने डोळे कायमचे बिघडतात असे नव्हे. परंतु एकाच अंतरावर दीर्घकाळ नजर खिळवल्याने आणि पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे होतात, चुरचुरतात व डोके दुखते. दर वीस मिनिटांनी किमान वीस सेकंद वीस फुटांपलीकडील वस्तूकडे पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सुचवतात. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही दीर्घ खेळासाठी मानेला त्रासदायक असतो. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावा.

झगमगत्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येणाऱ्या व्यक्तींना मोठा पडदा अधिक धोक्याचा ठरतो, कारण तो दृष्टिक्षेत्राचा मोठा भाग व्यापतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेचा एक भाग पाहताना लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान उघडझापीमुळे सुमारे सातशे जणांना, प्रामुख्याने मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. खेळताना खोलीत दिवा लावलेला असावा, पडद्याची प्रखरता कमी ठेवावी आणि पूर्वी झटके आलेल्या मुलांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिल्यास ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो. एलईडी-एलसीडी संचांत हा धोका नगण्य असतो.

टीव्ही की मॉनिटर

वस्तू व सेवा करात १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्ही व मॉनिटरवरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५पासून त्याहून मोठ्या संचांवरील दरही १८ टक्के झाला. त्यामुळे करातील फरक हे आता लहान संच निवडण्याचे कारण उरलेले नाही. निवड वापरावरून करावी.

क्रिकेट, फुटबॉल, मोटारींच्या शर्यती, कथाप्रधान खेळ आणि दोघांनी मिळून खेळायचे खेळ यांसाठी गेम मोड असलेला टीव्ही पुरेसा असतो. ऑनलाइन स्पर्धेतील नेमबाजीचे खेळ गंभीरपणे खेळणाऱ्यास वेगवान मॉनिटरचा प्रत्यक्ष लाभ होतो. ज्या विद्यार्थ्याला त्याच पडद्यावर प्रकल्पलेखन, आज्ञावली लिहिणे व वाचन करायचे आहे, त्याला २२ ते २४ इंची फुल एचडी मॉनिटर मोठ्या फुल एचडी टीव्हीपेक्षा अधिक सोयीचा पडतो आणि तो कमी वीज वापरतो. घरातील एकमेव टीव्ही खेळासाठी घेतल्यास इतरांचे कार्यक्रम अडतात, हाही व्यवहारातील मुद्दा आहे.

नवा पडदा घेण्यापूर्वी घरातील टीव्हीवर गेम मोड चालू करणे, कापल्या जाणाऱ्या कडा बंद करणे, योग्य विभेदन व ६० हर्ट्झ निवडणे आणि बसण्याचे अंतर बदलणे हे चार बदल करून पाहावेत. त्यांना पैसे लागत नाहीत. त्यानंतरही वर दिलेल्या रीतीने मोजलेला विलंब ५० मिलिसेकंदांहून अधिक राहिला किंवा अक्षरे वाचताना त्रास होत राहिला, तर तो संच या कामासाठी अयोग्य समजून मॉनिटरचा विचार करावा.